एक ते दहा, मग शटर

आमची धाकटी दीड महिन्याची झाली तेव्हा भामरेभाऊ तिला बघायला आले. बाळ बघायला येणारा माणूस जे जे करतो ते सगळं त्यांनी रीतसर केलं. चपला दाराबाहेर काढल्या, मोरीत हात धुतले, माझ्या सासूबाईंच्या हातात झबलं-टोपरं ठेवलं आणि पोरीला मांडीवर घेतलं. मग तिच्या तोंडाकडे एकटक बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायला लागले. सासूबाईंना वाटलं, माणूस देवाधर्माचा दिसतो, स्तोत्र म्हणतोय. मला ठाऊक होतं, ते आकडे मोजत होते. आठ, नऊ, दहा. दहा झाले मात्र, त्यांनी दुपट्याचं टोक उचललं आणि पोरीच्या तोंडावरून ओढून घेतलं.

"देखी लिधं," म्हणजे बघून झालं, असं ते समाधानाने म्हणाले, आणि झाकलेली पोर तशीच माझ्याकडे परत केली.

माझ्या सासूबाई परभणीच्या. तोंडावरून कापड कुणाच्या ओढतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी त्याच पावली मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि पुढचे आठ दिवस मला एकच प्रश्न विचारला, "ह्या माणसाला डोकं हाय का नुस्तं खोकं?"

उत्तर देणं अवघड होतं. सुकदेव भामरे हा माणूस कुठल्याही गोष्टीकडे दहा अंकांपेक्षा जास्त वेळ बघतच नसे. आमच्याकडे क्रिकेटची मॅच बघायला येत, दहापर्यंत मोजत आणि उठून टीव्हीचं बटण बंद करत. मग खोलीभर आरडाओरडा झाला की "अरे हो, ही मॅच आहे," असं म्हणून कानाला हात लावत आणि पुन्हा चालू करत. दवाखान्यात पाटीवर नोटीस लागली की दहा अंकांत जेवढी वाचून होईल तेवढी वाचत. पगारवाढीची नोटीस जरा लांबलचक होती, त्यामुळे ती यांना महिनाभर अर्धीच माहीत होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीवर बसत होते आणि भामरेभाऊ मागच्या बाजूच्या लॅबमध्ये होते. वय चाळिशीच्या अलीकडे, मूळचे धुळ्याकडचे, साक्री तालुक्यातले. राहायला डिंडोलीत आमच्याच सोसायटीत. सोसायटी म्हणजे एका लायनीत बारा खोल्या आणि टोकाला नळ. आमची तिसरी, त्यांची सहावी. त्यांची बायको आम्ही तिथे राहायला येण्याआधीच वारली होती, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त कुणाला माहीत नव्हतं, कारण त्या विषयावर ते एक अंकसुद्धा बोलत नसत.

आता त्यांचं काम सांगायला हवं, नाहीतर सासूबाईंसारखा तुमचाही गैरसमज व्हायचा. आपल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ अस्तर असतं. ते पेशींचं असतं, आणि पेशी फरशांसारख्या एकीला एक लागून बसलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर बाहेरून नाना तऱ्हेचे रेणू असतात. त्यातल्या एका रेणूचं काम एकच, शेजारच्या पेशीला धरून ठेवायचं. डोळ्यात सारखा रंगाचा धूर, वाफ, केमिकल जात राहिलं की ही पकड सुटायला लागते. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो, पण आत शेजार मोडलेला असतो. हे मला भामरेभाऊंनीच सांगितलं होतं, तेही मी केसपेपरचा गठ्ठा मोजत असताना, त्यामुळे माझा गठ्ठा चुकला होता.

तो रेणू बघायचा कसा? तर आधी डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकायचे, नखाएवढा पांढरा कागद डोळ्यावर अलगद दाबायचा आणि उचलायचा. वरचा थर कागदाला चिकटून येतो. मग परदेशातून इवल्याशा बाटलीत येणारं एक औषध त्याच्यावर घालायचं. ते नेमकं त्या रेणूलाच जाऊन धरतं आणि निळ्या दिव्याखाली हिरवं चमकतं. हे बघायला एक अंधारी खोली आणि एक मोठं मायक्रोस्कोप होतं, आणि त्या मायक्रोस्कोपला एक खटका होता, शटर. दिवा पडला की ते हिरवं चमकणं हळूहळू विझत जातं. एकदा विझलं की विझलंच. जितकं बघाल तितकं कमी होणार. म्हणून शटर उघडायचं, दहा मोजायचे, बंद करायचं. नवा डॉक्टर असो नाहीतर खुद्द ट्रस्टी असो, त्याचा डोळा दहाच्या पुढे टेकलेला दिसला की मागून आवाज यायचा, "देखी लिधं ना? मग शटर!"

एक ट्रस्टी त्यावर रागावलेही होते. "भामरेभाई, माझ्याच दवाखान्यात मला बघू देत नाही?" भामरेभाऊ म्हणाले, "बघा ना साहेब. पण मग उद्या मी काय बघू?" साहेब चहा न घेता गेले.

या सगळ्या खटाटोपाच्या मागे आमच्या देसाई मॅडम होत्या. मोठ्या डॉक्टर, स्वभावाने तापट आणि मनाने चांगल्या. बमरोली, पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यांतून रोज माणसं डोळे चोळत यायची. मालकांना सांगायला जावं तर ते म्हणायचे, डोळे लाल कुठे आहेत? मॅडमला त्यांना दाखवायचं होतं, की लाल व्हायच्या कितीतरी आधी आत काय मोडतं ते बघा, आणि कामगारांना चष्मे द्या. माझे मिस्टर पलसाण्याला एका कारखान्यात कलर मास्टर. त्यांचाही कागद भामरेभाऊंनी घेतला होता. म्हणजे या कामात माझंही घरचं माणूस अडकलेलं होतं.

तर असा हा माणूस. आता नेलपॉलिशचं सांगते.

आमच्या गल्लीच्या तोंडावर बांगड्यांचं दुकान होतं. तिथे भामरेभाऊ दर पंधरा दिवसांनी जायचे आणि बिनरंगाच्या नेलपॉलिशच्या दोन बाटल्या घ्यायचे. एकटा पुरुष, घरात बाई नाही, आणि नेलपॉलिश! दुकानदारीण ही बातमी पोटात कशी ठेवणार? महिन्याभरात बारा खोल्यांत बभ्रा झाला. चौथ्या खोलीतल्या बाईंचं म्हणणं, कुणीतरी आहे. नवव्या खोलीचं म्हणणं, कुणी असती तर लाल नेली असती, बिनरंगाची कोण लावतं? यावर बराच खल झाला आणि शेवटी छडा लावायची कामगिरी माझ्यावर आली, कारण मी एकाच दवाखान्यातली.

मी सरळ विचारलं. त्यांनी मला लॅबमध्ये नेलं आणि दाखवलं. स्लाइडवर काचेचा पातळ तुकडा ठेवला की त्याच्या चारी कडा बंद कराव्या लागतात, म्हणजे आतलं वाळत नाही. जगात सगळीकडे त्याला नेलपॉलिशच वापरतात म्हणे. बोलता बोलता त्यांनी एका स्लाइडच्या कडेवरून ब्रश असा फिरवला की मीसुद्धा कधी नखावरून इतका सुबक फिरवलेला नाही.

मी सोसायटीत येऊन खुलासा केला. कुणालाच पटला नाही. दवाखान्यातली बाई दवाखान्याचीच बाजू घेणार, असं चौथ्या खोलीने ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर मीही त्या चेष्टेत दोन-चार वाक्यं आपल्या पदरची घातली होती. त्यांची आज मला लाज वाटते.

भामरेभाऊंच्या बर्फाचीही एक कथा दवाखान्यात सांगत असत. प्लेगच्या वर्षी अख्खं सुरत तोंडाला फडकी बांधून स्टेशनकडे पळालं तेव्हा हे एकटे सायकलवर उलट्या दिशेने बर्फाच्या कारखान्याकडे निघाले होते. फ्रिजचा भरवसा नाही आणि स्लाइडी गार राहायला हव्यात म्हणून. पोलिसाने अडवलं. "क्यां जाव छो?" "बरफ लेवा." पोलिसाला वाटलं, घरात कुणी गेलं असेल, बॉडी ठेवायची असेल. त्याने टोपी काढली आणि सोडून दिलं. ही गोष्ट सांगून लोक हसायचे. मीही हसले आहे.

पण पुढे एका उन्हाळ्यात फ्रिजने खरंच दगा दिला. शनिवारी बिघडला, सोमवारपर्यंत मेकॅनिक आला नाही. स्लाइडी नाही म्हटलं तरी तापल्या. कामगारांच्या स्लाइडींचे फोटो आधीच काढून झाले होते, ते वाचले. पण निरोगी डोळ्यांच्या सगळ्या स्लाइडी मंदावल्या. या स्लाइडींसाठी भामरेभाऊंनी गावाकडे चकरा मारून नातेवाइकांचे डोळे जमवले होते. त्यांची मोजदाद वहीत झाली होती, फोटो मात्र राहिले होते. भामरेभाऊंनी थर्मासात बर्फ भरून दोनच वस्तू वाचवल्या. एक ती औषधाची बाटली, आणि एक स्लाइड.

"एकच?" मॅडम ओरडल्या. "तीस होत्या, एकच का?"

"जागा तेवढीच होती, मॅडम."

निरोगी डोळे पुन्हा जमवेपर्यंत बाटली महिन्याभरात कामगारांच्याच कागदांवर संपली. नवी यायला सहा महिने. आणि मॅडमना जायचं होतं ते डॉक्टरांचं अधिवेशन तीन आठवड्यांवर आलं. तिथे त्यांना दोन फोटो शेजारी शेजारी दाखवायचे होते. एक कामगाराचा डोळा, एक निरोगी डोळा. त्याशिवाय कळणार कसं, मोडलं म्हणजे काय मोडलं? कामगाराचा फोटो तयार होता. निरोगी म्हणून आता उरली होती फक्त थर्मासातली स्लाइड. वहीत तिची नोंद होती, "निरोगी, क्रमांक १, स्त्री, वय २६." बाटली नवीकोरी असताना केलेली, सगळ्यांत पहिली. तिच्यावरही नीट रंग धरलेली जागा जेमतेम मोहरीएवढीच होती.

मॅडम म्हणाल्या, "हिचाच काढा."

भामरेभाऊ म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, कॅमेऱ्याची केबल अडकते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. चौथ्या दिवशी रोल मिळाला नाही. रोल समोरच्या दुकानात टांगलेले होते, माझ्या खिडकीतून दिसायचे. एवढी वर्षं एकाही कामाला नाही न म्हटलेला माणूस शाळकरी पोरासारखी निमित्तं सांगत होता. मॅडमचा पारा चढत गेला. त्यांनी सोमवार ठरवून दिला. "सोमवारी फोटो निघाला नाही तर चार वर्षांचं काम पाण्यात. आणि मग ही लॅब कशासाठी चालू ठेवायची, ते मी ट्रस्टींना सांगू शकणार नाही."

सोमवारी भामरेभाऊ आलेच नाहीत. फ्रिजची किल्ली त्यांच्याकडे.

मॅडमनी मला बोलावलं. "तुम्ही शेजारी ना? जा, किल्ली घेऊन या. आणि त्यांना सांगा, मी फार चिडले आहे." तेवढं सांगायला मला पाठवायची गरज नव्हती, ते डिंडोलीपर्यंत ऐकू गेलं असतं.

भर दुपारची वेळ होती. मी रिक्षातून उतरले ती तावातावातच. वाटेत बोलायची वाक्यं जुळवून ठेवली होती. माझ्या मिस्टरांचे डोळे काय वाटेवर पडलेत का, इथपर्यंत तयारी होती. सहाव्या खोलीचं दार उघडंच होतं. आत भामरेभाऊ पलंगाच्या कडेला बसलेले, पायाशी तो थर्मास. खोलीत टेबल, स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. भिंतीवर एक फोटो आणि त्याला चंदनाचा हार.

मी त्यांच्या घरात त्याआधी कधी गेले नव्हते. फोटो लग्नातला होता. बाशिंग बांधलेले भामरेभाऊ कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघत होते आणि शेजारी नवरी. कपाळाला मुंडावळ्या, डोक्यावरून पदर, हनुवटी छातीला टेकलेली. भांग दिसत होता, नाकाचा शेंडा दिसत होता, बाकी काही नाही.

"फोटोवाला म्हणे, मान वर करा," भामरेभाऊ म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "तिची मावशी म्हणे, नवरी कधी वर बघते का? आमच्याकडे तसंच असतं, ताई. दुसरा फोटो काढायचा राहून गेला. काढू काढू म्हणता राहिलाच."

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरून गेले.

त्यांनी थर्मास उघडला आणि बर्फातली प्लास्टिकची डबी काढून मला लांबूनच दाखवली. आतल्या स्लाइडच्या कडा गुलाबी होत्या. एवढ्या शेकडो स्लाइडी मी पाहिल्या होत्या, सगळ्यांच्या कडा बिनरंगाच्या. ही एकच गुलाबी.

"बाटली पहिल्यांदा आली तेव्हा कुणी डोळा द्यायला तयार नव्हतं. घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणे, मन्हा ल्या. माझा घ्या. एवढं सोपं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, खुर्चीत बसली. कडेला लावायला नेलपॉलिश लागतं म्हटलं, तर पिशवीतून स्वतःची काढून दिली. लग्नात कुणीतरी दिलेली." ते थांबले. "श्रावणात कावीळ झाली. आठ दिवस फक्त."

बाहेर नळावर कुणीतरी बादली लावली होती, ती भरून वाहत होती. कुणीच ती उचलायला येईना.

"मी महिन्यातून एकदा बघतो," ते म्हणाले. "दहा अंक. मग शटर. आधी लख्ख दिसायचं, आता जरा कमी झालंय. मॅडमना हिचे तीन फोटो पाहिजेत, एखादा बिघडला तर म्हणून. एकेक फोटो म्हणजे अर्धा अर्धा मिनिट दिवा, वर फोकस करायचा वेळ. मग काय उरलं?" आणि मग ते डबीकडे बघत, मी तिथे नाहीच जणू, असं घरच्या बोलीत म्हणाले, "बठ्ठास्ना डोया माले याद शेतस. तिन्हा डोया कशा व्हतात, माले आठवस नही."

सगळ्यांचे डोळे आठवतात, तिचेच आठवत नाहीत. खुर्चीत बसवून तिच्या डोळ्यात थेंब टाकले, पापणी धरली, कागद दाबला आणि तेव्हाही ते आकडे मोजत होते. तेवढ्या जवळून बघूनही बघायचं राहिलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी नळाकडे गेले, बादली उतरवली, नळ बंद केला आणि परत आले. आता किल्ली मागायचं मला धैर्य होईना. मी म्हटलं, "भाऊ, मी सांगते मॅडमना, तुम्हाला ताप आहे."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. नंतर एकदम विचारलं, "मास्टरांचे डोळे कसे आहेत आता?"

मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पण तोंडातून खरं तेच गेलं. "सकाळी उघडत नाहीत. चिकटलेले असतात. कोमट पाण्याच्या बोळ्याने रोज मी उघडून देते."

त्यांनी डबी परत बर्फात ठेवली, थर्मासाचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "उद्या अकरा वाजता या म्हणावं मॅडमना."

मंगळवारी अकराला मी खिडकीवर दुसऱ्या बाईंना बसवून अंधाऱ्या खोलीत गेले. मला तिथे काही काम नव्हतं, पण मॅडमनी हाकललं नाही. भामरेभाऊंनी स्लाइड लावली, आणि मॅडम पुढे होणार एवढ्यात ते म्हणाले, "आधी ताईंना बघू द्या."

मी डोळा टेकवला. खटका वाजला. काळ्याकुट्ट अंधारात हिरव्या रेषांची जाळी उजळली. बारीक बारीक घरं, प्रत्येकाची भिंत शेजारच्याशी सामाईक, कुठेही तुटलेली नाही. रुखवतात मांडायला मुली क्रोशाचा रुमाल विणतात ना, तसा. मी मनात मोजत होते. दहाला मीच डोळा काढला आणि त्यांनी शटर लावलं.

मग फोटो. पहिल्याला त्यांनी केबल दाबली आणि मोजायला सुरुवात केली. आठ, नऊ, दहा. माझा हात आपोआप उठला, इतकी सवय झाली होती. पण ते पुढे गेले. अकरा, बारा, तेरा. त्या माणसाला दहाच्या पुढचे आकडे म्हणताना मी पहिल्यांदा ऐकत होते. आवाज अगदी सरळ होता. तीसला थांबले. दुसरा फोटो, पुन्हा तीस. तिसरा चाळीस, मॅडम म्हणाल्या म्हणून. मग त्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि शटर बंद केलं.

"झालं," ते म्हणाले. "अंधार शे."

मॅडमना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या "शाबास" म्हणाल्या आणि कॅमेरा घेऊन गेल्या.

रोल छत्तिसाचा होता. उरलेल्यात मॅडमनी नव्या ऑपरेशन थिएटरच्या उद्घाटनाचे फोटो काढले आणि रोल धुवायला टाकला. तीन दिवसांनी पाकीट आणायला मी गेले. उघडून बघते तर ट्रस्टी फीत कापताना, ट्रस्टी नारळ फोडताना, ट्रस्टी हार घेताना, ट्रस्टी तोच हार काढताना. हिरवी जाळी कुठेच नाही.

"सुरुवातीचे तीन कुठे आहेत?" मी विचारलं.

"ए तो खाली छे, बेन," स्टुडिओवाला म्हणाला. "काळं काळं, आत लिटोडा, नुसत्या रेघोट्या. फोटो बगडी गयो. मी छापलेच नाहीत, तुमचे पैसे वाचवले."

"आणि निगेटिव्ह?"

त्याने टेबलाखालच्या डब्याकडे बोट दाखवलं. वाईट पट्ट्या तो कापून त्यात टाकायचा.

मी फार शांत बाई आहे असं माझ्या माहेरचंही कुणी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी जो आवाज काढला तसा पुन्हा कधी काढलेला नाही. डबा उचलून त्याच्या काचेच्या काउंटरवर उपडा केला. विड्या, सुपारीच्या पुड्या, कुणाकुणाची बिघडलेली लग्नं, आणि त्यात गुंडाळी झालेली ती पट्टी. दिव्यासमोर धरली. तीन चौकटी, त्यात बारीक जाळी.

"छापा. दोन दोन," मी म्हटलं.

त्याने छापले ते आधी राखाडी आले. मशीन काळ्याला उजळ करतं म्हणे. मी परत दिले. म्हटलं, काळं काळंच राहू दे आणि रेषा अशा हिरव्या हव्यात, कोवळ्या पोपटी नाही, तोंडल्याच्या पानासारख्या. तो म्हणाला, बेन, तुम्हाला काय माहीत? मला माहीत होतं. मी दहा अंक पाहिलं होतं. चौथ्या खेपेला जसं होतं तसं उतरलं.

एक संच मॅडमना दिला. त्या अधिवेशनाला जाऊन आल्या, मालकांना भेटल्या, पलसाण्याच्या दोन-तीन कारखान्यांनी चष्मेही वाटले. घामाने धुरकट होतात म्हणून कामगार ते कपाळावर चढवून फिरायचे, आमचे मास्टर त्यांत सगळ्यांत पुढे. मी आणि मॅडम दोघी मिळून त्यांच्या मागे लागलो तेव्हा कुठे ते नाकावर उतरले.

पण ते नंतरचं. दुसरा संच हाती आला त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबमध्ये गेले. भामरेभाऊ डबा न उघडता बसले होते. मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी सर्वांत वरचा फोटो काढला, दोन्ही हातांनी कडेला धरला आणि बघू लागले. ओठ हलायला लागले. मी समोर उभी राहून तेच आकडे मोजत होते. आठ, नऊ, दहा.

दहाला त्यांनी फोटो टेबलावर पालथा घातला आणि वर हात ठेवला.

"देखी लिधं," ते म्हणाले. "लई उपकार, ताई."

"भाऊ," मी म्हटलं, "हा फोटो आहे. कितीही बघा. कमी नाही व्हायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणाले ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला असावा. मग त्यांनी हात उचलला, फोटो सावकाश सुलटा केला आणि पुन्हा बघायला लागले. मी निघून आले. डबा खाल्ला, हात धुतले, खिडकी उघडायची वेळ झाली. जाता जाता लॅबच्या दारातून डोकावले. ते तसेच बसले होते, फोटो तसाच हातात. मी त्यांच्या ओठांकडे बघत थोडा वेळ उभी राहिले. ओठ हलत नव्हते.